मानमोडी समजून स्वस्थ बसू नये : परसातील कोंबड्या आणि बर्ड फ्लू

मोताळा तालुक्यातील शेतकरी कपाशी, मका आणि सोयाबीन यांचा हिशेब वहीत मांडून ठेवतो. परंतु परसातील दहा-पंधरा कोंबड्यांचा हिशेब सहसा कोणत्याही वहीत आढळत नाही. तो घरातील स्त्रीच्या ध्यानात असतो. अंड्यांच्या पैशांतून मीठ-मिरची, मुलांच्या वह्या-पेन्सिली आणि दवाखान्याला जावयाचे झाल्यास एस.टी.चे भाडे निघते. पाहुणा आला अथवा नवस फेडावयाचा झाला, तर कोंबडा विकत आणावा लागत नाही. या कोंबड्यांना खुराक थोडा, निवारा साधा आणि औषधपाणी जवळजवळ नाहीच. म्हणूनच एखादी साथ येऊन चार दिवसांत खुराडे रिकामे झाले, तरी त्याची नोंद कोठेही होत नाही. ‘मानमोडी आली’ एवढे बोलून घरची माणसे गप्प बसतात आणि काही महिन्यांनी चार पिल्ले आणून पुन्हा आरंभ करतात.

प्रस्तुत लेखाचा विषय बर्ड फ्लू हा असला, तरी प्रारंभ मानमोडीपासून करणे भाग आहे. बर्ड फ्लूपासून कोंबड्यांचे रक्षण करण्याच्या मार्गात जी सर्वांत मोठी अडचण आहे, ती या एका शब्दात सापडते.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. हिमालयाच्या पायथ्याकडील राणीखेत या गावावरून त्यास आपल्या देशात हे नाव पडले. कोंबडी हिरवट-पांढरी हगवण करते, चोच उघडून श्वास घेते, पाय व पंख लुळे पडतात आणि मान पिळल्यासारखी वाकडी होते. यावरून खेड्यातील लोकांनी त्यास मानमोडी म्हटले. (१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही जुनी माणसे मानमोडीच म्हणत. माणसाच्या आणि कोंबडीच्या दोन निराळ्या रोगांना एकच नाव मिळावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.) हा रोग आपल्याकडे दरवर्षी कोठे ना कोठे येतो. त्यामुळे कोंबड्या पटापट मरू लागल्या की कारण शोधण्याची गरज कोणास भासत नाही. उरलेल्या कोंबड्या मरण्यापूर्वी विकून मोकळे व्हावे, किंवा कापून खाव्यात, असा विचार होतो. नेमका याच वेळी बर्ड फ्लूला एका घरातून दुसऱ्या घरात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाण्यास वाव मिळतो.

ही केवळ कल्पना नव्हे. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेथे २००६ सालच्या आरंभी कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ती राणीखेतच असावी असा प्रथम समज झाला. भोपाळ येथील केंद्रीय प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी होऊन १८ फेब्रुवारी २००६ रोजी बर्ड फ्लूचे निदान जाहीर झाले, तोपर्यंत हजारो पक्षी दगावले होते. नवापुरात मोठमोठे कुक्कुटपालन प्रकल्प होते. त्यामुळे ‘हा रोग मोठ्यांचा, आमच्या चार गावरान कोंबड्यांना काय होणार’, असे बोलले जाऊ लागले. तो भ्रम फार दिवस टिकला नाही. मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील सावदा, मारूळ, हातेड आणि साळवे या गावांत, आणि पाठोपाठ मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात इच्छापूर येथे रोग आढळला. जळगाव हा आपल्या तालुक्याचा सख्खा शेजारी; बोदवड आणि जामनेरकडे आपल्या लोकांचे येणे-जाणे, सोयरीक आणि बाजारहाट नित्याचे आहे. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यातील मारग्राम आणि दक्षिण दिनाजपूरमधील बालुरघाट येथून जी साथ पसरली, तिने तर मुख्यतः घरोघरच्या परसातीलच कोंबड्या-बदकांचा संहार केला. अलीकडची उदाहरणे हवी असल्यास जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा, आणि जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यातील चिरनेर. चिरनेर येथे मेल्या त्या परसातील कोंबड्याच होत्या.

रोग कसा प्रवास करतो

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएन्झा जातीच्या विषाणूमुळे होतो. त्याच्या अनेक उपजाती आहेत. त्यांपैकी एच५एन१ ही कोंबड्यांना अत्यंत मारक आहे. रानबदके व इतर पाणपक्षी यांच्या शरीरात असे विषाणू पुष्कळदा विशेष त्रास न देता वास करतात आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतात. हिवाळ्यात जलाशयांवर पाहुणे पक्षी येतात, तेव्हा तलावाच्या काठी चरणाऱ्या कोंबड्या-बदकांना धोका असतो, तो यामुळे. ज्यांची वस्ती नळगंगा धरणाच्या किंवा एखाद्या पाझर तलावाच्या जवळ आहे, त्यांनी दिवाळीपासून होळीपर्यंत कोंबड्या पाण्याच्या काठी जाऊ देऊ नयेत. कावळे व चिमण्या हे आपल्या परसात येणारे पक्षी होत. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडू लागले आणि त्यावरून तेथे बर्ड फ्लूचा शोध लागला. यास्तव झाडाखाली एकाच वेळी अनेक कावळे मेलेले दिसले, तर ती बाब कोंबडीच्या मृत्यूइतकीच गंभीर मानावी.

तथापि सगळा दोष आकाशातील पक्ष्यांवर टाकणे योग्य होणार नाही. पक्षी रोग आणतो. पण एकदा तो एखाद्या गावात शिरला की पुढे नेतो तो बहुतांशी माणूस. रोगट कोंबडीच्या विष्ठेत, लाळेत आणि शेंबडात विषाणूंची अपार संख्या असते. ही विष्ठा चपलेला, सायकलच्या चाकाला, डालग्याच्या कामट्यांना आणि अंड्यांच्या ट्रेला चिकटते. थंड व ओलसर जागी, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात, विष्ठेतील विषाणू ३५ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचे दिसून आले आहे. ३७ अंशांना तोच ६ दिवस टिकतो. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन त्यास मानवत नाही, परंतु पौष-माघातील सावलीची ओल मानवते. आठवडी बाजारात चार गावांच्या कोंबड्या एका डालग्यात येतात, तेथून न विकलेली कोंबडी संध्याकाळी घरी परतते आणि सरळ आपल्या जुन्या सोबतिणींत मिसळते. खुडूक कोंबडीखाली बसविण्यासाठी शेजारच्या गावातून अंडी आणली जातात; जातीचा कोंबडा चार दिवसांसाठी उसना नेला जातो. यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतः वाईट नाही, किंबहुना हाच खेड्याचा व्यवहार आहे. परंतु रोगाच्या वाटा याच आहेत, हे ध्यानात ठेवावे.

येथे एका वाटेचा विशेष उल्लेख करावासा वाटतो, कारण तिच्याकडे पशुवैद्यकापेक्षा कृषी अधिकाऱ्याचे लक्ष अधिक जाते. भाजीपाला, कपाशी व फळबागांसाठी आजकाल बॉयलर कोंबड्यांच्या शेडमधून कोंबडीखत पोत्यांनी वा ट्रॉलीने आणले जाते. खत उत्तमच आहे. नत्र त्यात शेणखताहून पुष्कळ अधिक असते. परंतु हा ढीग बहुधा घराजवळ, गोठ्यामागे उघडाच टाकला जातो आणि सकाळी सोडलेल्या कोंबड्या प्रथम तेथेच किडे व सांडलेले खाद्य उकरावयास जातात. ज्या शेडमधून हे खत आले, तेथे रोग असेल तर तो अशा रीतीने परसात आयता पोहोचतो. म्हणून ताजे कोंबडीखत घराजवळ आणू नये. शेताच्या बांधावर, विहिरीपासून व नाल्यापासून दूर ढीग करावा, पाणी शिंपडून तो ओलसर ठेवावा, वर मातीचा थर देऊन ताडपत्रीने झाकावा आणि नीट कुजल्यावरच वापरावा. कुजताना ढिगाच्या आत जी उष्णता निर्माण होते, तिच्यापुढे हा विषाणू टिकत नाही; शिवाय असे कुजलेले खत पिकाची मुळेही जाळत नाही. मात्र ढिगाच्या बाहेरील थराला ती उष्णता पोहोचत नाही, म्हणून ढीग एकदा तरी उलटून बाहेरचा भाग आत घालावा. साथीची वार्ता असताना बाहेरगावचे कोंबडीखत मुळीच आणू नये.

परसात काय करावे

गावरान कोंबडी बारा महिने कोंडून ठेवा, असे सांगणे सोपे आहे, पण ते कोणी ऐकणार नाही, आणि ऐकावे असेही नाही. फिरून खाणे हाच तिच्या पालनातील नफा आहे. परंतु हिवाळ्याचे महिने, आणि जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात रोग आढळल्याची वार्ता आल्यापासूनचा काळ, एवढ्यापुरता बंदोबस्त करणे प्रत्येकास शक्य आहे. खुराड्यास लागून बांबू किंवा तुराट्यांचे कूड घालून लहानसे आवार करावे. बाजूंना बारीक जाळी लावावी. चिमणी शिरेल एवढे भोक नसावे. माथ्यावर केवळ जाळी टाकून भागत नाही, कारण वर बसणाऱ्या कावळ्याची विष्ठा जाळीतून खाली पडतेच. वर पत्रा, पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद असावा.

दाणे अंगणभर फेकण्याची आपली रीत सुंदर दिसते खरी, परंतु त्या दाण्यांवर गावातील सर्व चिमण्या-कबुतरे जमतात. दाणे आवाराच्या आत पसरट भांड्यात, संपतील एवढेच, सकाळ-संध्याकाळ द्यावेत. पाणी हातपंपाचे किंवा विहिरीचे असावे. गढूळ डबक्यातील वा तलावातील पाणी कोंबड्यांना पाजू नये आणि त्याच पाण्याने खुराडेही धुऊ नये. बदके असल्यास ती कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत, कारण बदक रोग बाळगूनही पुष्कळदा धडधाकट दिसते.

खुराड्यात जाण्यासाठी जुन्या चपलांचा एक जोड दाराशी ठेवावा आणि तो घालून बाहेर कोठेही जाऊ नये. आत जाण्यापूर्वी व बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत. या विषाणूभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ वेष्टन असते; साबणाने ते फुटते आणि विषाणू निकामी होतो, त्यामुळे साधा कपडे धुण्याचा साबणही येथे उपयोगी आहे. खुराड्यातील विष्ठा व भुसा आधी खरवडून काढावा, मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने जमीन व कूड घासावेत आणि वाळल्यावर चुना मारावा. हा क्रम मोडू नये. विष्ठेच्या थरावरच चुना वा ब्लीचिंग पावडर टाकणारे पुष्कळ आढळतात. त्या थराखाली विषाणू सुखरूप राहतो आणि पावडर मात्र वाया जाते.

बाजारातून आणलेली, पाहुण्यांनी दिलेली किंवा बाजारात नेऊन परत आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवावी. तिचे दाणे-पाणी जुन्या कोंबड्यांचे झाल्यानंतर करावे. घरातील कोणी कुक्कुटपालन शेडवर मजुरीस जात असेल, तर त्याने घरी येताच स्नान करून कपडे बदलावेत आणि परसातील कोंबड्यांची देखभाल दुसऱ्याकडे सोपवावी. कोंबडी कापल्यावर पिसे व आतडी उकिरड्यावर टाकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. उकिरड्यावरील आतडे प्रथम आपल्याच कोंबड्या ओढतात.

संशय केव्हा घ्यावा

बर्ड फ्लूची कोंबडी बऱ्याच वेळा काही लक्षण न दाखविताच मरते. रात्री खुराड्यात गेलेली सकाळी मेलेली आढळते. लक्षणे दिसलीच तर डोके व पापण्या सुजतात, तुरा व चोचीखालील कल्ले निळे-काळे पडतात, पायाच्या पिसे नसलेल्या भागावर लाल ठिपके येतात, नाका-तोंडातून स्राव गळतो, अंडी एकदम बंद होतात किंवा मऊ कवचाची पडतात. एक-दोन दिवसांत खुराड्यातील बहुतेक सर्व पक्षी दगावू शकतात. मान वाकडी होणे येथेही घडते. सबब केवळ पाहून मानमोडी कोणती आणि बर्ड फ्लू कोणता, हे अनुभवी माणूसही छातीठोकपणे सांगू शकत नाही. निर्णय प्रयोगशाळेचाच.

असे असता राणीखेतच्या लसीचे महत्त्व दुप्पट होते, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट लोकांना आवर्जून सांगावी. एच५एन१ विरुद्ध परसातील कोंबड्यांना टोचावयाची लस आपल्या देशात वापरात नाही. राणीखेतची मात्र आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात, आणि सुमारे आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. ही लस बर्ड फ्लूपासून रक्षण करीत नाही. परंतु ज्या गावात सर्व कोंबड्यांना ती मिळाली आहे, त्या गावात कोंबड्या पटापट मरू लागल्यास ‘मानमोडी असेल’ हे उत्तर पुरत नाही. लोकांना लगेच शंका येते आणि निरोप वेळेवर जातो. लसीची कुपी थंड राहिली पाहिजे आणि एकदा फोडल्यावर ती थोड्या तासांत संपविली पाहिजे, म्हणून एका घराच्या आठ कोंबड्यांसाठी ती फोडणे परवडत नाही. पशुसखींनी किंवा ग्रामपंचायतीने दिवस ठरवून, कोंबड्या सुटण्यापूर्वी पहाटे साऱ्या आळीचे लसीकरण एकदम उरकावे.

मेलेली कोंबडी

कोंबड्या अचानक मरू लागल्यास मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून आणि नाका-तोंडाला रुमाल बांधून तो दुसऱ्या पिशवीत घालावा, तोंड बांधावे आणि कुत्री-मांजरे पोहोचणार नाहीत अशा जागी झाकून ठेवावा. नागपूरजवळील गोरेवाडा येथे डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले, तेव्हा हा विषाणू केवळ पक्ष्यांचा आहे असे समजू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये. त्यानंतर ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावे. १९६२ या विनाशुल्क क्रमांकावरही दूरध्वनी करता येतो. पशुवैद्यक नमुने घेतात आणि ते पुणे व भोपाळ येथील प्रयोगशाळांकडे जातात. निकाल येईपर्यंत घरातील एकही कोंबडी, अंडे वा खताची टोपली बाहेर जाऊ नये आणि पुरण्याची घाई करू नये; कोठे व कसे पुरावयाचे ते पशुवैद्यक सांगतील. प्रेत नाल्यात वा धरणात टाकणे हा २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि रोगाची खबर देणे हे त्याच कायद्याने मालकावर घातलेले कर्तव्य आहे.

आता लोक खबर का देत नाहीत, याचाही विचार केला पाहिजे. कायद्याच्या अज्ञानामुळे नव्हे, तर ‘सरकारी माणसे येतील आणि धडधाकट कोंबड्याही मारतील’ या भीतीने. ही भीती निराधार नाही. निदान पक्के झाल्यास उद्रेकाच्या जागेपासून १ किलोमीटर परिघातील सर्व कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि १० किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. अंडी देणारी कोंबडी डोळ्यांदेखत नेली जाताना त्या घरातील स्त्रीला काय वाटत असेल, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. तिच्याशी अधिकाराच्या भाषेत बोलून काही साधत नाही. तिला दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. एक, त्या परिघात आज निरोगी दिसणारी कोंबडी आणखी दोन दिवसांनी मरण्याचा संभव फार मोठा असतो. दुसरी गोष्ट पैशाची. नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची भरपाई शासन ठरलेल्या दराने देते. आधीच मेलेल्या पक्ष्यांची देत नाही. बारा कोंबड्यांपैकी दोन मेल्यावर खबर दिली, तर नष्ट होणाऱ्या दहांची भरपाई मिळू शकते. नऊ मरेपर्यंत थांबले, तर तिघींची. म्हणून कार्यकर्त्याने प्रत्येक घरच्या पक्ष्यांची नोंद त्यांच्या मालकिणीच्या नावासह, मारण्यापूर्वी आणि तिच्यासमोर करावी आणि बँक खात्याचा तपशील त्याच वेळी घ्यावा. लपविलेल्या कोंबड्या पुढे बाजारात जातात आणि शेजारच्या गावावर तोच प्रसंग आणतात.

खाण्याविषयी

साथीच्या वार्तेबरोबर कोंबडी व अंडी खाण्याची भीती पसरते. मांस आतपर्यंत, रस्सा उकळेपर्यंत शिजविल्यास विषाणू मरतो. ७० अंश सेल्सिअस तापमान त्यास पुरे होते. आपल्या चुलीवरील रश्शात तो टिकणे शक्य नाही. धोका आहे तो आजारी किंवा मेलेली कोंबडी सोलण्यात, पिसे उपटण्यात आणि कच्चे मांस हाताळण्यात. आंध्र प्रदेशात मार्च २०२५ मध्ये एका लहान मुलीचा या रोगाने मृत्यू झाला. तिने कोंबडीचे कच्चे मांस खाल्ले होते. माणसाला हा रोग क्वचित होतो आणि माणसापासून माणसाकडे तो सहजी पसरत नाही, परंतु झाल्यास प्राणावर बेततो. मेलेल्या कोंबड्या हाताळलेल्या व्यक्तीस पुढील दहा दिवसांत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन कोंबड्यांचा प्रकार डॉक्टरांना आपण होऊन सांगावा. डॉक्टर तो विचारतीलच असे नाही.

खुराडे रिकामे झाल्यानंतर लगेच नवी पिल्ले आणू नयेत. खुराडे खरवडून, धुऊन, चुना मारून उन्हात मोकळे ठेवावे. जुनी लाकडी बसणी व डालगी जाळून टाकावीत. बाधित परिघातील गावांनी पशुसंवर्धन विभागाची परवानगी मिळेपर्यंत थांबावे. त्यानंतर गिरिराज, वनराज यांसारख्या परसात तग धरणाऱ्या जातींची पिल्ले आणावयाची झाल्यास ती फिरत्या विक्रेत्याच्या टोपलीतून न घेता शासकीय अंडी उबवणी केंद्राकडून अथवा पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत घ्यावीत, पिल्लांना कोणती लस कोणत्या दिवशी दिली ते लिहून घ्यावे आणि तो कागद खुराड्याच्या आढ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा.